सोनेरी टोकांची केबल

जोएल मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. त्याला तसं उभं केलं होतं माझ्याच वडिलांनी.

लॅमिंग्टन रोडवरचं एक अरुंद दुकान. ऑक्टोबरची संध्याकाळ, अंगाला चिकटणारी. आमच्या सेट-टॉप बॉक्सची केबल उंदरांनी कुरतडली होती आणि पप्पांना कबड्डीचा सामना चुकवायचा नव्हता. मी गिरगावातल्या एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. काम संपवून चालत दुकानाशी पोचले तेव्हा पप्पा आत वाद घालत होते. अर्थातच.

दुकानदाराने काउंटरवर दोन एचडीएमआय केबल ठेवल्या होत्या. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्याच लांबीच्या. एकीची टोकं साधी, दुसरीची सोनेरी. सोनेरीच्या किमतीत साध्या डझनभर आल्या असत्या.

"अंकल, गोल्ड प्लेटेड घ्या. सगळे हीच नेतात."

"सगळ्यांच्या घरी माझा टीव्ही आहे का?" पप्पा म्हणाले.

शेजारी एक तरुण सोनेरी केबल घ्यायलाच आला होता. उंच, चष्मा लावलेला, ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्याला राहवलं नाही.

"काका, मी बोलू? चांगली घेऊन टाका. एकदाच घ्यायची ना."

"का? फरक काय पडतो?"

"काळा रंग. काळा जास्त काळा दिसतो."

"काळा अजून काळा?" पप्पा माझ्याकडे वळले. "मित्रा, ऐकलंस?" संघमित्राची मी त्यांची मित्रा. मग ते त्याच्याकडे वळले. "अहो, हे डिजिटल आहे. आपल्या जुन्या अँटेनासारखं नाही, की थोडं चित्र, थोड्या मुंग्या. आलं तर पूर्ण येतं. नाही तर मधे मधे तुटतं, जातं. दीड मीटरमध्ये काय तुटणार? उद्या जांबोरी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची झाली, तर मीसुद्धा महागातली घेईन."

"तुम्ही इंजिनियर आहात?"

"छे. छापखान्यात होतो. हे सगळं यूट्यूबवर कळतं."

त्यानंतर पप्पांनी त्याला दुकानातल्या टीव्हीकडे पाठ करून उभं केलं. दुकानदाराने "अंकल, टाइम खोटी मत करो" असं म्हणत म्हणत एक केबल लावली, मग दुसरी. प्रत्येक वेळी जोएलने वळायचं, चित्र बघायचं आणि केबल कोणती ते सांगायचं. रस्त्यावरचे दोघेतिघे आत डोकावले. त्याने दोन्ही वेळा अगदी गंभीरपणे, डोळे बारीक करून उत्तर दिलं... आणि दोन्ही वेळा उलटं.

मी हसले. आवरायचं म्हटलं तरी हसले.

"इथला लाइट बरोबर नाही," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "मॅडम, हसू नका ना. तुम्ही बघितलीत दोन्ही चित्रं. तुम्ही सांगा, काहीच फरक नव्हता?"

"मला नाही सांगता येणार."

"का?"

"मी... त्या वेळी टीव्हीकडे बघत नव्हते."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. पप्पा छताकडे बघू लागले. जोएल चष्मा काढून पुसू लागला, जो मुळीच मळलेला नव्हता. दुकानदाराने वैतागून दोन्ही केबल दोन पातळ काळ्या पिशव्यांत कोंबल्या आणि आमच्या पुढे सरकवल्या. बिलावर पप्पांनी माझं नाव आणि नंबर लिहायला लावला. "वॉरंटीसाठी," ते म्हणाले. तो नंबर त्यांनी जरा मोठ्यानेच सांगितला असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी वरळीला, आमच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत, पप्पा टीव्हीच्या मागे हात घालून, न बघता, केबल खोचत बसले. चित्र आलं. मॅटवरचा निळा रंग, पोरांच्या मांडीवरचा घाम, सगळं लख्ख.

"बघ!" ते म्हणाले. "आहे का फरक? सांग, काही कमी आहे?"

"काही कमी नाही, पप्पा."

"त्या पोराला बोलवायला पाहिजे होतं." चढाईवाला रेषा ओलांडून परत आला तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. तरुणपणी ते आमच्या मंडळाकडून खेळायचे. "चांगलं आहे पोरगं. हरल्यावर चिडलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ओतला, आणि पप्पा उठले नाहीत.

चाळीत बातमी सांगावी लागत नाही. मी कप हातात धरून उभी होते, तेवढ्यात समोरच्या खोलीतल्या राधाबाई आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, आणि पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं उघडत गेली. गावाकडे कुणी फोन केला, मला ठाऊक नाही. खाली प्रवेशद्वाराशी एक फळा आहे. पाणी केव्हा येणार, सभा कधी, असलं काही त्यावर लिहितात. मंडळाचे सीतारामकाका त्यावर खडूने पप्पांचं नाव लिहीत होते तेव्हा मी जिन्यात होते. माझ्या ऑफिसलाही राधाबाईंनीच कळवलं. जलदान विधीला माणसं आली, पप्पांबद्दल बोलली, माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. सगळ्यांना आधीच माहीत होतं. ती बातमी देणाऱ्या दोन शब्दांची माझ्याकडे कुणी मागणीच केली नाही.

आई मला आठवतही नाही, इतक्या लहानपणी ती गेली. घरात आम्ही दोघंच असायचो. आता घरात मी एकटीच होते, तरीही ते शब्द मी तिथेसुद्धा उच्चारले नव्हते.

मग नाताळच्या आधी एका दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो... संघमित्रा मर्चंडे? मी जोएल. तो... काळा जास्त काळा."

मी खुर्चीत सरळ बसले.

"तुमचा नंबर मी दुकानदाराकडून घेतला. जुनं बिल शोधायला लावलं बिचाऱ्याला. सॉरी. पण एक लोचा झालाय. मम्मीने ख्रिसमसची साफसफाई काढली, मी टीव्ही पुढे ओढला, केबल काढली... तर टोकं साधी!"

"म्हणजे?"

"म्हणजे पिशव्या बदलल्या. काकांची केबल माझ्याकडे आहे. माझी तुमच्याकडे. आणि मी इतके दिवस मम्मीला सांगतोय, बघ, सोन्याची आहे, बघ काय पिक्चर आहे!" तो हसत होता. "तीसुद्धा म्हणायची, हो रे, एकदम थेटर. काकांना द्या ना फोन. त्यांना सांगायचंय की ते जिंकले."

ऑफिसच्या खिडकीबाहेर कुणीतरी गॅलरीत चादर झटकत होतं. ते झटकणं संपेपर्यंत मी तिकडे बघत राहिले.

"पप्पा नाहीत," मी म्हणाले.

"बाहेर गेलेत?"

या ठिकाणी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, छोटं, व्याकरणात बसणारं. पण पलीकडचा आवाज इतका आनंदी होता... आणि त्या आवाजात पप्पा कुठेतरी बाहेर गेले होते, संध्याकाळी येणार होते.

"हं," मी म्हणाले.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी मोबाइलचा दिवा लावून टीव्हीच्या मागे पाहिलं. केबल जिथे आत गेली होती तिथे सोनेरी रंगाची एक बारीक रेघ दिसली. म्हणजे पप्पांनी ती शेवटची संध्याकाळ महागड्या केबलवर पाहिली होती, आणि स्वस्तवाली म्हणून मिरवली होती. आणि तिकडे स्वतःच्या घरी तो मुलगा स्वस्तवालीवर महागाचं चित्र बघत होता. दोघांनाही फरक दिसला नाही. पप्पांचंच खरं झालं होतं. मला इतकं हसू आलं की मी खाटेवर बसले. आणि हे हसू कुणापुढे नेऊन ठेवावं ते कळेना.

केबल मी बाहेर काढली नाही. ती त्यांनी खोचली होती.

"आज आणली का?" जोएलने विचारलं. ठाकूरद्वारजवळच्या एका दुग्धालयात आम्ही केबल बदलून घ्यायला भेटलो होतो. समोर पियुषचे ग्लास.

"विसरले."

"परत?"

"तुम्ही आणलीत?"

त्याने बॅगेत हात घातला, थांबला, आणि रिकामा हात बाहेर काढला. "मीसुद्धा विसरलो."

"खोटं."

"अर्धं खोटं. आणलीय. पण मी दिली तर आपलं काम संपलं ना." तो पियुषकडे बघत म्हणाला. "आणि तू... तुम्ही... मग कशाला भेटाल?"

"तू म्हटलं तरी चालेल."

"चालेल?" त्याने वर पाहिलं. त्याच्या वरच्या ओठावर पियुषची पिवळसर रेघ होती. मी कागदी रुमाल पुढे केला. रुमाल घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर नको तेवढा वेळ राहिली. किंवा हवा तेवढा.

तो बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कंपनीत होता. राहायला माझगावात, आई बीट्रिसबरोबर. वडील तो कॉलेजात असताना वारले होते, आणि हे त्याने मला एका वाक्यात, सहज, ग्लासातला बर्फ हलवत सांगितलं. त्याला जमत होतं. मी त्या वाक्याकडे बघत राहिले.

"काका कसे आहेत?"

"तुझी आठवण काढायचे... काढतात. चांगलं पोरगं आहे म्हणाले."

"सिरियसली? मग त्यांना सांगितलंस का, जिंकले म्हणून?"

"अजून नाही."

"बरं केलंस. मीच सांगणार. हरलो हे समोर जाऊन सांगायला पाहिजे. फोनवर मजा नाही."

घरी परतताना बसमध्ये मी मनातल्या मनात ते वाक्य फिरवत राहिले. पुढच्या वेळी नक्की. पण प्रत्येक भेटीनंतर ते जास्त जड होत गेलं. आता नुसतं एवढंच सांगायचं नव्हतं. इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. त्याला वाटेल, हिने मला खेळवलं. मेलेल्या माणसाचे निरोप देत राहिली. असल्या मुलीबरोबर कोण बसेल? आणि मला तर तो समोर बसलेला हवा होता. त्याचा फोन आला की मुद्रितातली ओळ हरवायची, नाही आला की अख्खं पान.

नाताळला त्याने एक डबा दिला. आत तळलेले गोड कुलकुल, नेवऱ्या, काळा केक. "मम्मीने काकांसाठी दिलाय. वेगळा. तुझ्यासाठी नाही, हात लावू नकोस."

मी तो डबा घेऊन पॅसेजमधून येत होते तर राधाबाई दारातच.

"कुणी दिलं गं?"

"ऑफिसातल्या... नाही. एक मित्र आहे. पप्पांसाठी दिलंय त्याने."

राधाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "पप्पांसाठी? त्याला ठाऊक नाही?"

मी मान हलवली.

"किती महिने झाले, मित्रा! ख्रिश्चन आहे?"

"हो."

"बरं. मासे खातो म्हणजे. आपल्यात जमेल." मग त्यांचा आवाज खाली आला. "मी सांगू का त्याला? नंबर दे. तुला नाही जमायचं ते. मी नीट सांगते."

त्यांनी खरंच सांगितलं असतं. नीट सांगितलं असतं, सगळ्यांना सांगितलं तसंच. मला क्षणभर फार बरं वाटलं. नंबर द्यायला मी मोबाइल काढलासुद्धा.

"नको, मावशी," मी म्हणाले. "हे नको."

"मग कधी सांगणार?"

मी डब्याचं झाकण उघडलं. डबा आम्ही दोघींनी मिळून संपवला. राधाबाई प्रत्येक कुलकुल तोंडात टाकताना म्हणत होत्या, "जगदीशभाऊंना आवडलं असतं हे," आणि मला रडू येईल म्हणून लगेच दुसरं काहीतरी बोलत होत्या.

जानेवारीत, चर्नी रोडच्या पुलावरून समुद्र बघत, जोएलने विचारलं. फार तयारी करून आला असावा, कारण बोलताना सगळं विसरला.

"मित्रा, मला... म्हणजे तुला माहीतच आहे. नाही का?"

"काय माहीत आहे?"

"छळू नकोस ना."

"सांग तरी."

"मला तू पाहिजेस. बोललो. बास." कान पुन्हा तसेच, दुकानातल्यासारखे लाल. "तू आत्ता काही बोलू नको. टाइम घे. काकांना विचारायचं असेल तर विचार. नाही तर... मीच विचारू? रविवारी कबड्डीची फायनल आहे. मी येतो तुमच्याकडे. काकांबरोबर मॅच बघतो, हरलो म्हणून सांगतो, आणि हेपण सांगतो. एकाच दिवशी सगळं."

"रविवारी नको."

"का?"

"पप्पा..." खालून गाडी गेली. तिच्या आवाजात माझा शब्द बुडाला, आणि मी तो पुन्हा वर काढला नाही.

"घाबरतेस तू," तो हसून म्हणाला. "काका मला काही करणार नाहीत. मी येतोय."

शनिवारी मी मेसेज लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला. छापून आलेल्या मजकुरातल्या चुका मला लगेच दिसतात. या एका ओळीत कुठे काय चुकतंय ते मात्र कळेना. पडद्यावर ते शब्द फळ्यावरच्या पप्पांच्या नावासारखेच दिसत होते, कुणी दुसऱ्याने लिहिल्यासारखे. जोएलने ते बसमध्ये, कुणाच्या तरी कोपराशेजारी वाचावं, हे मला सहन होईना. मी मोबाइल उशीखाली सारला.

रविवारी तो यायच्या कितीतरी आधी मी खाली जाऊन उभी राहिले. आमच्या चाळीत अनोळखी माणूस शिरला की कुणीही विचारतं, कोणाकडे? आणि त्याने पप्पांचं नाव घेतलं की पहिलाच माणूस सांगून मोकळा होणार होता. खालचा वाणी, पाण्याची बादली घेऊन चाललेली एखादी बाई, क्रिकेट खेळणारी पोरं. मी त्या सगळ्यांच्या आधी असायला हवी होते. मैदानावरून फुफाटा उडत होता. प्रत्येक टॅक्सी त्याचीच वाटत होती.

तो भलत्याच बाजूने आला. मी रस्त्याकडे बघत होते आणि तो मागून, दोन चाळींमधल्या बोळातून. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका. मला दिसला तेव्हा तो आमच्या प्रवेशद्वाराशी पोचलाही होता, आणि तिथे खुर्ची टाकून सीतारामकाका बसले होते.

"कोणाकडे?" काकांनी विचारलं.

"जगदीश मर्चंडे. त्यांच्याकडे मॅच बघायला आलोय."

मी धावले. चप्पल एकीकडे, मी एकीकडे. सीतारामकाका उठून उभे राहिले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. हे असं सांगताना ते नेहमी टोपी काढतात. त्यांचं तोंड उघडलं.

"काका, थांबा!"

दोघांनीही वळून पाहिलं.

"थांबा तुम्ही," मी म्हणाले. मला धाप लागली होती. "मी सांगते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी हातातच ठेवून ते दोन पावलं मागे सरले.

जोएल हसत होता अजून. मग त्याने माझा चेहरा नीट पाहिला, आणि ते हसू हळूहळू जागच्या जागी थांबलं. खोका त्याने दोन्ही हातांनी धरला.

"मित्रा? काय झालं?"

वरच्या खिडकीत राधाबाई होत्या. खेळणाऱ्या पोरांचा चेंडू येऊन माझ्या पायाला लागला, कुणी तो मागितला नाही. मला वाटलं होतं, वाक्य येणार नाही. ते आलं. ते इतके दिवस दाराशीच उभं होतं, मी वाट दिली नव्हती एवढंच.

"तू रागावशील," मी म्हणाले. "रागाव. पण मी हे कुणालाच सांगितलेलं नाही, जोएल. कुणाला सांगावंच लागलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय." मी त्याच्या बाहीला धरलं, तो जाऊ नये म्हणून, किंवा मी पडू नये म्हणून. "त्या दुकानात आपण भेटलो ना... त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पप्पा गेले. माझे पप्पा गेले."